प्रश्नोत्तरे : मराठी विषयाच्या जागी प्रश्नचिन्हे

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवरून रोज रात्री बॅकअपचा अहवाल ‘मट’ या टर्मिनलवरील प्रोग्रॅमने सचिवांना ई-मेलने जातो. आज्ञा मी स्वतः टाइप केली, तर मराठी विषय नीट पोहोचतो. तीच आज्ञा क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवली, की विषयाच्या ओळीत नुसती प्रश्नचिन्हे येतात. शिवाय खात्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. हे चालेल का?
— एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : आपली आज्ञा बरोबर आहे आणि सचिवांच्या मेलबॉक्समध्येही दोष नाही. आपण लॉग-इन करता तेव्हा आपल्या सत्राला यूटीएफ-८ (सर्व लिप्या लिहिता येणारी संकेतपद्धती) वापरणारे लोकॅल, म्हणजे भाषा आणि लिपीची मांडणी, मिळते. क्रॉन मात्र प्रत्येक काम जवळजवळ रिकाम्या वातावरणात सुरू करतो, त्यामुळे येथे फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि साधी चिन्हे, चालतात असे मट धरून चालतो आणि न ओळखलेल्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवतो. हे पत्र निघण्यापूर्वीच घडत असल्याने सचिवांनी त्यांच्या संगणकावर काहीही केले, तरी मूळ मजकूर परत मिळणार नाही. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फाइलच्या, सुरुवातीला ‘एलसी_ऑल’ या व्हेरिएबलला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत देणारी ओळ लिहावी. डेबियन आणि उबुंटूवर हे लोकॅल तयारच असते.

विषयाची ओळ स्क्रिप्टमधून हाताने रचण्याचा मोह मात्र टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९८२ साली ठरलेला एसएमटीपी हा ई-मेल पाठवण्याचा नियमसंच सात बिटांच्या आस्कीपुरता होता. शीर्षकात इतर लिपी लिहिण्याची सोय १९९२ च्या माइम संकेतांनी दिली. त्यानुसार विषय सांकेतिक तुकड्यांत लिहिला जातो आणि एका तुकड्याची कमाल लांबी ७५ चिन्हे असते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागत असल्याने, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजल्यास, बेस-६४ (बाइट ६४ साध्या चिन्हांत लिहिण्याच्या) पद्धतीच्या एका तुकड्यात साधारण १५ चिन्हे मावतात. म्हणजे ‘पतसंस्थेचा दैनिक बॅकअप अहवाल’ एवढ्या विषयालाही किमान दोन तुकडे लागतात, आणि तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध तुटला, तर मजकूर बिघडतो. लोकॅल योग्य असेल, तर हे काम मट बिनचूक करतो.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवू नये. पत्र पाठवण्याचे काम ‘एमएसएमटीपी’ या मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवून पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि त्या फाइलची परवानगी ६०० करावी, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल. खाते जीमेलचे असेल, तर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा. तो केव्हाही रद्द करता येतो. सर्व्हरशी जोडणी ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर टीएलएस या सांकेतिक सुरक्षेसह करावी. आपली स्क्रिप्ट आजवरच्या बॅकअपमध्येही गेली असण्याची शक्यता असल्याने तिच्यातील ती ओळ पुसून भागणार नाही. जुना पासवर्ड आजच बदलावा.