कॉपी केलेलं राहतं कुठे?

प्रश्न : हापूसच्या हंगामात ४०० गिऱ्हाइकांचे पत्ते एक्सेलमधून उचलून लेबलांच्या फायलीत पेस्ट करतो. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रखडतो. रॅम ४ जीबी आहे. कॉपी करून मेमरी भरते का? (एक बागायतदार, देवगड)

पत्त्यांवर आळ नको. कॉपी केलेला मजकूर रॅममध्ये, क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत जाऊन बसतो. विंडोज तिथे मराठीच्या एकेका चिन्हाला २ बाइट देतं, काना-मात्राही वेगळी मोजून. ‘देवगड’ म्हणजे द, त्यावरची मात्रा, व, ग, ड. ५ चिन्हं, १० बाइट. पत्ता १५० चिन्हांचा धरला तरी ४०० पत्ते सव्वा लाख बाइटांच्या आत बसतात. ४ जीबी म्हणजे सुमारे ४०० कोटी बाइट, त्याचा तीस हजारावा हिस्साही नाही! एक्सेल रंग-चौकटीही सोबत देतं, तरी हिशेब फार बदलत नाही. आधी ब्राउझरचे उघडे टॅब मोजा.

फोटोचं मात्र वेगळं. आंब्याच्या पेटीचा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचा फोटो डिस्कवर ३-४ एमबीत मावतो, कारण तो दाबून भरलेला असतो. तो उघडून चित्र कॉपी केलंत की एकेका बिंदूला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. मूठभर कडवे वाल भिजत घालावेत आणि सकाळी टोप भरावा, तसं. उलट फोल्डरमधल्या फायलीवरच कॉपी दाबलंत, तर क्लिपबोर्डवर फक्त ती कुठे ठेवली आहे एवढंच जातं, मग फाइल २ जीबीची का असेना. आमच्या दुकानात एक काका लग्नाचं शूटिंग ‘कॉपी’ करून, पेनड्राइव्ह काढून घरी गेले आणि तिथे पेस्ट दाबत बसले. पेस्ट होणार कुठून?

प्रश्न : प्रश्नपत्रिकेचं एक पान कट केलं आणि पेस्ट करण्याआधीच लाइट गेली. पान मिळेल? (एक शिक्षिका, दापोली)

क्लिपबोर्डवरचं गेलं. वीज गेली की रॅम कोरी. पण बाई, कट केल्यानंतर फाइल सेव्ह झाली नसेल, तर डिस्कवरच्या प्रतीत ते पान जागच्या जागी असेल. फाइल उघडून बघा. वर्डने ‘रिकव्हर केलेली’ प्रत पुढे केली, तर घाईने तीच सेव्ह करू नका, दोन्ही ताडून पाहा. पावसाळ्यात तरी कट करूच नये असं माझं मत. आधी कॉपी, मग पेस्ट, मग सेव्ह, आणि मूळ जागेवरचं शेवटी पुसायचं.

विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबून क्लिपबोर्डचा इतिहास चालू करता येतो. त्यात २५ पर्यंत नोंदी राहतात. कॉम्प्युटर बंद पडला तर त्यातल्याही पिन केलेल्याच, म्हणजे जपून ठेवायची खूण केलेल्याच, वाचतात.

प्रश्न : होमस्टेच्या पाहुण्यांना पाठवायला बँकेचा खाते क्रमांक मोबाइलवर कॉपी करून ठेवते. दिवसभर राहतो का? (मालवण)

नाही. मध्ये दुसरं काही कॉपी केलंत की पहिलं जातं, आणि अँड्रॉइड १३ पासून काही वेळाने ते आपोआपही पुसलं जातं. जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्ड-अ‍ॅपच्या क्लिपबोर्डमध्ये क्रमांक पिन करून ठेवा. पासवर्ड मात्र तिथे नको.