‘महापौर’ या शब्दातला ‘पौर’ कोण?

प्रश्न : ‘महापौर’ हा शब्द प्राचीन आहे की अलीकडे घडवलेला? त्यातील ‘पौर’चा ‘पौरुष’शी संबंध असेल, तर या पदावरील स्त्रीसाठी वेगळा शब्द असायला नको का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘पौर’ आणि ‘पौरुष’ कानाला जवळचे वाटले, तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. ‘पौरुष’ हे ‘पुरुष’पासून होते, ‘पौर’ मात्र ‘पुर’ म्हणजे नगर या शब्दापासून. शिवाचा उपासक तो शैव, तसा पुरात राहणारा तो पौर. प्रत्यय लागताना आरंभीच्या स्वराची वृद्धी होऊन ‘उ’चा ‘औ’ होतो. नगरातील व ग्रामीण भागातील प्रजेचा एकत्र उल्लेख संस्कृत ग्रंथांत ‘पौरजानपद’ असा येतो.

घटक असे जुने असले, तरी ‘मेयर’ या पदासाठी ‘महापौर’ हा शब्द विनायक दामोदर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत योजला. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला ‘मेयर’ ही पदवी मिळाली ती १९३१ साली. त्याआधी त्याला ‘प्रेसिडेंट’ म्हणत. ‘मेयर’चे मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे ‘अधिक मोठा’, यात आहे आणि हा लॅटिन शब्द व संस्कृत ‘महा’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज मानले जातात. त्यामुळे हा प्रतिशब्द मुळाशी विलक्षण जुळतो.

मला मात्र त्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. नगरपरिषदेच्या प्रमुखासाठी रूढ असलेल्या ‘नगराध्यक्ष’ या शब्दात वरून देखरेख करणाऱ्याचा भाव आहे, तर ‘महापौर’ हा आधी पौर, म्हणजे नागरिकांपैकीच एक आहे. महापौरांना ‘प्रथम नागरिक’ म्हणतात, तोच अर्थ या शब्दात आधीपासून आहे. महाराष्ट्रात प्रशासनाचे कार्यकारी अधिकार प्रामुख्याने आयुक्तांकडे असतात आणि महापौर सभागृहाचे अध्यक्षपद सांभाळतात, त्या दृष्टीनेही अधिकारापेक्षा नागरिकत्वाला पुढे ठेवणारे हे नाव यथार्थ आहे.

‘पौर’मध्ये पुरुष नसल्यामुळे स्त्रीसाठी निराळे रूप घडवण्याचे कारण उरत नाही. सुलोचना मोदी १९५६ साली मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेव्हापासून अनेक स्त्रियांनी हे पद भूषवले आहे. ‘महापौर आल्या’, ‘महापौर म्हणाल्या’ असे क्रियापदातूनच लिंग स्पष्ट होते, आणि तेच लेखनात वापरावे.