गणपतीच्या आराशीसाठी घडीची कागदी फुले घरी कशी करावीत?

यासाठी पतंगी कागद सर्वांत योग्य. जाड कार्डशीटच्या पाकळ्या नीट उलगडत नाहीत. साधारण २० बाय ३० सेंटीमीटरचे आठ कागद एकावर एक ठेवावेत आणि अरुंद कडेपासून सुरुवात करून, दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीच्या, एकदा पुढे व एकदा मागे अशा पंख्यासारख्या घड्या घालाव्यात. तयार झालेली पट्टी बरोबर मध्यावर दोऱ्याने घट्ट बांधून तिची दोन्ही टोके कापावीत: गोल कापल्यास पाकळ्या गुलाबासारख्या दिसतात, टोकदार कापल्यास शेवंतीसारख्या.

खरे कौशल्य उलगडण्यात आहे. दोन्ही बाजू पंख्यासारख्या पसरून, सर्वांत वरचा कागद आधी, असा एकेक थर मध्याकडे उभा करावा. मात्र कागद टोकाला धरून ओढल्यास हमखास फाटतो, म्हणून बोटे कोरडी ठेवून तो बांधलेल्या जागेजवळ धरावा आणि घाई मुळीच करू नये.

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी असल्याने हा पर्याय मला मनापासून आवडतो. पावसाळी दमटपणात या कागदाचा रंग भिंतीला व कपड्यांना लागू शकतो, आणि तो चटकन पेटतोही. त्यामुळे ही फुले समई व उदबत्तीपासून दूरच लावावीत.