गाडीतलं बिऱ्हाड

प्रश्न : दाभोळहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एकटीच जाणार आहे, मुक्काम गाडीतच. सामान कसं लावू?

उत्तर : ताई, आधी ओलं आणि कोरडं वेगळं करा. खारी, दमट हवा बंद गाडीत कपड्यांना बुरशी आणते; म्हणून कपडे खडखडीत वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात. ओला टॉवेल, वाळूच्या चपला झाकणाच्या बादलीत. पाण्याचा कॅन, तांदूळ असं जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून बांधा. उतारावर करकचून ब्रेक लागला की मागच्या काचेजवळची सुटी वस्तू थेट डोक्यावर येते. सुकट मी गाडीत ठेवूच देणार नाही, वास सीटच्या कापडात मुरतो. शेगडी बाहेरच पेटवा. आणि चालकाची सीट रात्रीही मोकळी हवी, एकटीला केव्हाही निघता आलं पाहिजे.