सात महिन्यांचं बाळ आणि पुणे ते सावंतवाडी

सात महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून सावंतवाडीला गाडीने जावं का, असं विचारताय? बिनधास्त निघा! आमच्या दोन्ही लेकरांना आम्ही वर्षाच्या आतच गाडीने कोकणात नेलं. पहिल्या खेपेला एवढंच सांभाळा.

सगळ्यात महत्त्वाचं, बाळाची कार सीट. ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मांडीवर घेऊन बसणं ही नेहमीची चूक आहे. जोरात ब्रेक लागला की कितीही घट्ट धरा, हात पुरत नाहीत. आजी म्हणतील, "रडतंय गं, घे ना जरा." तेव्हा सुरक्षित जागी गाडी थांबवा, मगच घ्या. दूधही थांबूनच पाजा. आठवडाभर आधी रोज पंधरा-वीस मिनिटं चक्कर मारून आणलंत, तर सीटची सवय होते.

- मॅप दाखवेल त्यात निदान तीन तास मिळवा. जमलं तर कोल्हापूरला मुक्काम करा.
- दर दीड-दोन तासांनी थांबा, बाळ झोपलेलं असलं तरी.
- आंबोली घाटाच्या तोंडाशी पोटभर पाजू नका. अर्धा-पाऊण तास आधी पाजा.
- डायपर, दुपटी, कपड्यांचे दोन जोड आणि तुमचाही एक कुर्ता हाताशी ठेवा. डिकीत नको.
- नवा पदार्थ प्रवासात सुरू करू नका. घरी पचलेलं नाचणीचं सत्त्वच द्या.

आणि चहाला उतरलात तरी बाळाला बंद गाडीत दोन मिनिटंही एकटं ठेवू नका. उन्हात गाडी फार पटकन तापते.

परतीचं नंतर विचारा, आधी पोहोचा.