व्लादीचा २०१८ चा मोसम

प्रश्न : सर, टोरांटोतला माझा पुतण्या बेसबॉलपटू व्लादिमीर गरेरो ज्युनियरच्या मायनर लीगमधल्या (मुख्य लीगच्या खालच्या स्तरावरच्या) २०१८ च्या .३८१ सरासरीचं फार कौतुक करतो. दहातल्या सहा वेळा अपयशी ठरणारा फलंदाज एवढा मोठा कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुतण्या बरोबर सांगतोय. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मिळाली, म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर पोचला (सरासरी .३००), तरी फलंदाज उत्तम मानतात. ताशी १५० किलोमीटरने आलेल्या चेंडूवर निर्णय घ्यायला अर्धा सेकंदही मिळत नाही हो! १९ वर्षांच्या व्लादीने न्यू हॅम्पशायरच्या डबल-ए (मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघाकडून तर .४०२ ची सरासरी राखली.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेगळंच. अख्ख्या मोसमात तो स्ट्राइकआउट (चेंडू नीट मारता न आल्याने बाद) झाला ३८ वेळा, आणि वाईट चेंडू सोडून बेसवर गेला ३७ वेळा. वीस होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारणाऱ्याकडे एवढा संयम क्वचितच दिसतो. त्याच मार्चमध्ये माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर, जिथे वडील खेळले तिथेच, त्यांचाच २७ क्रमांक पाठीवर घेऊन त्याने नवव्या डावात होमरन मारला आणि सराव सामना १-० ने जिंकून दिला. मिळाला तर तो व्हिडिओ जरूर बघा.

एवढं करूनही टोरांटो ब्लू जेज या त्याच्या क्लबने त्याला सप्टेंबरात वर, म्हणजे मुख्य संघात, घेतलं नाही. क्षेत्ररक्षण कच्चं असल्याचं कारण दिलं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. खेळाडू उशिरा आणला की क्लबचा त्याच्यावरचा हक्क वर्षभर लांबतो. अखेर २६ एप्रिल २०१९ ला तो मुख्य संघात उतरला, आणि २०२१ मध्ये त्याने ४८ होमरन मारले.