आधी साल ठरवा, मग ब्रश धरा

प्रश्न : माझे मामा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेहून ड्रॅगस्टर रेसगाडीचं (सरळ पट्टीवर जोडीने पळवतात ती लांबोळी गाडी) १:२५ मापाचं प्लास्टिक मॉडेल आणलं होतं. आता माळ्यावर सापडलं. फ्रेम वाकलीय, दोन जागी तुटलीय. कुणीतरी ब्रशने ऑइलपेंट थापलाय, क्रोमचा मुलामा काळवंडलाय आणि मागचे टायर रिममध्ये वितळल्यासारखे रुतलेत. इंजिन पुढे आहे, ड्रायव्हर अगदी शेवटी. मला ती नव्याने बांधायचीय. वर वळलेले सायलेन्सर पाइप, मागे उंच पंख, इंजिनाला वायरी, असं सगळं हवंय. गावात हॉबीचं दुकान नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, फ्रेमची चिंता नंतर. ही गाडी कोणत्या सालची दाखवायची ते आधी ठरवा, कारण तुमच्या यादीतलं सगळं एका गाडीवर बसत नाही.

मागच्या चाकांच्याही मागे ड्रायव्हर बसतो त्या गाडीला तिकडे ‘स्लिंगशॉट’ म्हणत. वजन मागे पडलं की मागची चाकं जमीन धरतात, म्हणून ती बैठक. पण इंजिन, क्लच, गिअरबॉक्स सगळं माणसाच्या पुढ्यात. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लायन्स नावाच्या शर्यतीच्या पट्टीवर डॉन गार्लिट्स या ड्रॅगस्टर ड्रायव्हरची गाडी सुटतानाच तिचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. बरा झाल्यावर त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी उतरवली, १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत मारली, आणि स्लिंगशॉटचा जमाना सरला. मागचा उंच पंख हा त्या नव्या गाड्यांचा थाट आहे. तुमच्या गाडीवर तो नको. वर वळलेले पाइप, त्यांना ‘झूमी’ म्हणतात, ते साठच्या दशकाच्या मध्यानंतर रुळले. म्हणून माझं ऐकाल तर १९६८ धरा. पाइप मिळतील, पंख सोडा.

आता रंग. थिनर लावू नका, प्लास्टिकच विरघळेल. मोटारसायकलचं डॉट ३ ब्रेक ऑइल झाकणाच्या डब्यात घ्या, सुटे भाग रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. आधी एखाद्या न दिसणाऱ्या तुकड्यावर करून पाहा. हातात मोजे घाला. काळवंडलेला क्रोम घरगुती पातळ ब्लीचमध्ये उतरतो. पण दोन्ही कामं वेगळ्या दिवशी, वेगळ्या डब्यात करा. आणि ग्रामपंचायतीची विहिरीत टाकायची टीसीएल पावडर ‘ब्लीचच तर आहे’ म्हणून बिलकुल वापरू नका बाप्पा! तिच्यावर ब्रेक ऑइल पडलं की थोड्या वेळात भडका उडतो.

फ्रेम सरळ करायला गरम पाणी पुरतं. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास नरम पडतं, म्हणून उकळत्या पाण्यात टाकून विसरू नका. बुडवा, काढा, कडप्प्याच्या फरशीवर ठेवून वर वजन द्या, थंड होईतो हात लावू नका. तुटलेल्या जागी दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून २४ नंबरच्या तांब्याच्या तारेची खुंटी घाला आणि फेविक्विकचा थेंब द्या. नुसतं चिकटवलं तर पहिल्या धक्क्याला सुटेल. पाणीपाइपाचं सोल्यूशन वापरू नका, एवढी बारीक नळी त्यात विरघळून खचते.

वायरींवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण मोटार वायंडिंग हाच माझा धंदा. तुमचं इंजिन बहुधा क्रायस्लर कंपनीचं आठ सिलिंडरचं ‘३९२ हेमी’ असेल. व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध ओळीने चार खड्डे दिसले की ओळखा. प्लग त्या खड्ड्यांत असतात. खऱ्या प्लगची वायर साधारण आठ मिलिमीटर जाड. भागिले पंचवीस, म्हणजे ०.३२. अन् ३० नंबरची वायंडिंग तार असते ०.३१५! याहून नेमकं माप परदेशी दुकानातही मिळणार नाही. तालुक्यातल्या कोणत्याही वायंडिंगवाल्याकडे हातभर मागा, पैसे घेणार नाही. फक्त जळक्या कॉइलची घेऊ नका; तिचं वार्निश करपलेलं असतं, वाकवताना तडकतं. तारेचं एक टोक वाइसमध्ये धरा, दुसरं पकडीने ओढा. जराशी लांबते आणि सगळ्या गाठी निघून सुईसारखी सरळ होते. ३९२ चा मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र, इंजिनाच्या मागच्या अंगाला उभा असतो. तिथून चार वायरी डावीकडे, चार उजवीकडे. भोकं रंगाआधी पाडा, तारा रंगानंतर घाला.

त्याच दुकानातून दोन मिलिमीटरची सोल्डर तारही आणा. झूमी पाइप तिचेच करा. बोटाने वळते, नळीसारखी चेपत नाही, आणि टोकाला ड्रिलने खळगा केला की पोकळ वाटते. इंजिनावरचा मोठा डबा म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा ६-७१ ब्लोअर, जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरून उचललेला: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ते नाव. त्याला क्रोम परत चढवायच्या भानगडीत पडू नका, साधा ॲल्युमिनियम रंग जास्त खरा दिसतो.

टायरनी रिम खाल्ली ती उन्हाने नाही. टायर नरम राहावा म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते वर्षानुवर्षं पाझरतं आणि रिमचं प्लास्टिक विरघळवतं. खड्डे पुटीने भरा, घासा, आणि टायर परत बसवताना मध्ये नळवाल्याच्या टेफलॉन टेपचा एक वेढा द्या.

स्प्रे मात्र उन्हाळ्या-पावसाळ्यात नको. मे महिन्यात आपल्याकडे रंग हवेतच सुकतो आणि अंगावर रव्यासारखा बसतो. पावसात लॅकर पांढरं पडतं. दसरा झाला की सकाळी मारा. ऑटोच्या दुकानातला कॅन चालेल, पण आधी प्रायमर आणि तोही हलक्या हाताने, नाहीतर प्लास्टिकला जाळी पडते.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनात ड्रॅगस्टरच्या मॉडेलखाली शर्यतीची पट्टी दाखवायची आहे. किती लांब करू? (नववीतली एक वाचक, आर्वी)

उत्तर : बेटा, खरी पट्टी पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटर. तुझं मॉडेल १:२५ चं असेल तर सोळा मीटर होते, अख्खा व्हरांडा लागेल! फक्त सुटायची जागा कर. तू बैलांच्या शर्यतीचा शंकरपट पाहिला असशील तर वेगळं सांगायला नको: सरळ वाट, शेजारी-शेजारी दोन गाड्या, आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यावर. मध्ये दिव्यांचा खांब लावायचा असेल तर गाडीचं साल बघ. त्याला ते ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात आणि तो १९६३ मध्ये आला. त्याआधीची गाडी असेल तर खांबाऐवजी झेंडी घेतलेला माणूस उभा कर. तो मातीचा केलास तरी चालेल.